ओपॅसिटी म्हणजे नेमकं काय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापुरात माझं डीटीपी आणि छपाईचं दुकान आहे. लग्नपत्रिका, स्मरणिका, तालमीचे डिजिटल बोर्ड, टी-शर्ट, दुकानाच्या पाट्या, आणि कोपऱ्यात एक झेरॉक्स मशीन. डिझाइन बघायला बसलेलं गिऱ्हाईक "जरा ओपॅसिटी कमी करा की" म्हणत असतं, आणि त्याच वेळी झेरॉक्सला आलेल्या मावशी रिपोर्टवरच्या त्याच शब्दावर बोट ठेवून विचारतात, "ह्ये काय लिवलंय बाळा, वाईट हाय काय?" काउंटरवर आलेले असे प्रश्न इथं एकत्र केलेत. काहींची उत्तरं लांबलीत, कारण त्या विषयात माझे पैसे बुडालेत.

थोडक्यात सांगा, ओपॅसिटी म्हणजे काय?

मागचं किती झाकलं जातं, त्याचं माप. साध्या काचेमागचं सगळं दिसतं, तिची ओपॅसिटी जवळजवळ शून्य. भिंतीमागचं काहीच दिसत नाही, तिची पूर्ण.

यात 'मागचं' हा शब्द महत्त्वाचा. पांढऱ्या कागदावरचा पांढरा ठिपका किती झाकतोय, हे नुसतं बघून कुणालाच सांगता येणार नाही. मागं काहीतरी वेगळं असेल तरच कळतं. म्हणून कागदवाले काय, रंगवाले काय, मोजायच्या वेळी मागं काळं ठेवतातच.

मराठीत याला शब्द काय?

पाठ्यपुस्तकात अपारदर्शकता. लिहायला ठीक आहे, पण दुकानात कुणी म्हणालं तर आम्हीच दचकू. मूळ लॅटिन शब्द 'ओपाकस', म्हणजे सावलीतला, अंधारलेला.

मराठीची गंमत अशी की आपण एकच शब्द सगळीकडं चालवत नाही, पदार्थ बघून बोलतो. साडी झिरझिरीत असते, मग तिच्या आत अस्तर लागतं. पाणी गढूळ होतं. काच दुधी असते. हवा धुरकट, धुकं दाट, रंग एका हातात 'झाकतो' किंवा झाकत नाही. ही सगळी ओपॅसिटीचीच बोलणी आहेत.

अर्धपारदर्शक म्हणजे पन्नास टक्के ओपॅसिटी का?

नेहमी नाही. गॉगलच्या काळ्या काचेतनं माणूस स्पष्ट ओळखू येतो, फक्त अंधारा दिसतो. बाथरूमच्या दुधी काचेतनं उजेड भरपूर येतो, पण पलीकडचा माणूस कळत नाही. दोन्हीला आपण अर्धपारदर्शक म्हणून मोकळे होतो. संगणकातली ओपॅसिटीची पट्टी फक्त गॉगलचं काम करते. दुधी काचेसारखं पाहिजे असेल तर 'ब्लर' मागा.

ओपॅसिटी कमी करणं आणि रंग फिकट करणं एकच ना?

नाही, आणि दुकानातली अर्धी भांडणं यावरच होतात.

समजा लाल रंग आहे. त्याचा वीस टक्के टिंट, म्हणजे पांढरा मिसळल्यासारखा फिकट पण झाकणारा रंग, घेतला तर गुलाबी मिळतो. तोच लाल वीस टक्के ओपॅसिटीला नेला तर पांढऱ्या कागदावर तसाच गुलाबी दिसतो. इथपर्यंत फरक शून्य. आता दोन्ही पिवळ्या पट्ट्यावर ठेवा. टिंट गुलाबीच राहतो, खालचा पिवळा झाकून. ओपॅसिटीवाला मात्र केशरीकडं झुकतो, कारण त्यातनं खालचा पिवळा वर येतो. गिऱ्हाईक "फिकट करा" म्हणालं की मी आधी विचारतो, खालचं दिसायला पाहिजे का झाकायला पाहिजे? या एका प्रश्नानं पुढचे चार प्रूफ वाचतात.

पत्रिकेत मजकुराच्या मागं गणपती टाकायचा आहे. किती टक्के ठेवू?

माझा अनुभव आठ ते पंधरा. स्क्रीनवर पंधरा टक्के अगदीच पुसट वाटतो आणि हात तीसवर जातो. तिथंच फसगत होते. स्क्रीन स्वतः उजळते, कागद उजळत नाही. शिवाय छापताना शाईचा ठिपका कागदावर थोडा पसरतो, म्हणजे स्क्रीनवरच्या तीस टक्क्यांचा छपाईत आणखी गडद भाग होतो.

एकदा मी असाच तीसवर ठेवलेला गणपती सोनेरी झाक असलेल्या कार्डावर छापला. स्क्रीनवर देखणा दिसत होता. छापून आल्यावर वधूच्या आईचं नाव बरोबर सोंडेच्या वळणात अडकलेलं, आणि 'आमचे येथे श्रीकृपेकरून' मधलं 'श्रीकृपे' मोदकात बुडालेलं. चारशे पत्रिका स्वतःच्या खर्चानं परत काढून दिल्या. तेव्हापासून त्याच कार्डावर एक प्रत काढून, ट्यूबलाइटखाली हातभर लांब धरून वाचायला देतो. शक्यतो घरातल्या आजोबांना.

फोटोशॉपमध्ये वीस टाकलं तेच कोरलमध्ये टाकलं, तर उलटंच झालं. का?

कारण फोटोशॉप ओपॅसिटी विचारतं आणि कोरल ट्रान्स्परन्सी विचारतं. एकात शंभर म्हणजे पूर्ण झाकलेलं, दुसऱ्यात शंभर म्हणजे पूर्ण नाहीसं. फोटोशॉपचे वीस म्हणजे कोरलचे ऐंशी. फोनवर नुसता आकडा सांगू नका, प्रोग्रामचं नावही सांगा.

आकड्यांचा हा घोळ इथंच संपत नाही. वेबसाइटवाले शून्य ते एक मोजतात. कागदवाले टक्क्यांत. जुन्या फोटोग्राफीत निगेटिव्हची ओपॅसिटी एकपासून सुरू होते आणि वर कितीही जाते, कारण तिथं पडलेला उजेड भागिले पार गेलेला उजेड असा हिशोब आहे. शंभरातला एकच भाग पार गेला तर ओपॅसिटी शंभर, आणि तिचा लॉगरिदम, म्हणजे दोन, ही तिची 'डेन्सिटी'. आम्ही पूर्वी प्लेट बनवायला फिल्म वापरायचो तेव्हा ही डेन्सिटी फार सांभाळावी लागायची. फिल्मच्या काळ्या भागात टाचणीच्या टोकाएवढं भोक राहिलं तरी प्लेटवर ठिपका यायचा. मग लाइट टेबलवर वाकून, बारीक ब्रशनं त्या भोकावर दाट रंगाचा थेंब लावायचा. त्या रंगाचं नावच 'ओपेक'. "ओपेक मारलास का रे?" हा तेव्हाचा रोजचा प्रश्न.

पन्नास टक्क्यांचे दोन थर एकावर एक ठेवले तर शंभर टक्के झाकेल ना?

पंचाहत्तर. पहिला थर मागचं निम्मं अडवतो. उरलेल्या निम्म्यातलं निम्मं दुसरा अडवतो. तिसरा ठेवलात तर साडेसत्याऐंशी. असे कितीही ठेवा, कागदोपत्री शंभर होत नाही. घरात झिरझिरीत पडदा दुहेरी केला तरी दुपारचा उजेड येतोच, त्याचं कारण हेच.

फोटोशॉपमधल्या 'ओपॅसिटी' आणि 'फिल' मध्ये फरक काय?

लेयरला सावली, बॉर्डर असं काही लावलेलं नसेल तर जवळपास काही नाही. लावलेलं असेल तर ओपॅसिटी सगळ्यालाच पुसट करते, फिल फक्त आतल्या रंगाला. फिल शून्य करून नुसती बॉर्डर उरवायची, हे वाढदिवसाच्या बोर्डवर सगळ्यात जास्त चालणारं काम.

लोगो पाठवला, तर त्याच्या मागं पांढरा चौकोन येतो. तुमच्याकडनं झालं का?

बहुतेक वेळा तुमच्याकडनंच. जेपीजी फाइलमध्ये पारदर्शकता साठवायला जागाच नसते, त्यामुळं रिकामा भाग पांढरा होतो. पीएनजीमध्ये असते. आणि पीएनजी असला तरी व्हॉट्सअॅपवर फोटो म्हणून पाठवलात की तो दाबून जेपीजी होतो. 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, किंवा पेन ड्राइव्ह घेऊन या.

चित्राच्या प्रत्येक ठिपक्याला लाल, हिरवा, निळा असे तीन आकडे असतात. चौथा आकडा 'अल्फा', म्हणजे हा ठिपका किती झाकतो. साधारणपणे ० ते २५५. ही कल्पना १९७० च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेत एड कॅटमल आणि अॅल्वी रे स्मिथ यांनी मांडली, आणि थर एकमेकांत मिसळायचं गणित १९८४ साली पोर्टर आणि डफ यांनी पक्कं करून दिलं. तालमीच्या बोर्डवर पन्नास जणांचे फोटो कापून एकत्र चिकटवताना आपण रोज तेच गणित वापरतो.

वेबसाइटवर चौकट पुसट केली तर आतली अक्षरंही पुसट झाली. काय करू?

सीएसएसमध्ये, म्हणजे वेबपानाचं रूप ठरवणाऱ्या भाषेत, ओपॅसिटी चौकटीला दिली की तिच्या पोटातल्या सगळ्याला लागते. आतल्या अक्षरांना वेगळी ओपॅसिटी १ लिहून उपयोग नाही, कारण आधी पोटातलं सगळं तयार होतं आणि मग ते गठ्ठ्यानं पुसट केलं जातं. त्यापेक्षा फक्त पार्श्वभूमीच्या रंगाला अल्फा द्या, अक्षरांना हात लावू नका.

दुसरी एक खोड. ओपॅसिटी शून्य केलेलं बटण दिसत नाही, पण ते तिथं असतं, जागा अडवतं आणि क्लिकही घेतं. माझ्या भाच्यानं एका दुकानाच्या साइटवर जुनं 'ऑर्डर' बटण असंच लपवून ठेवलं होतं. लोक फोटोवर बोट ठेवायचे आणि ऑर्डर जायची. खरोखर काढायचं असेल तर सीएसएसमध्ये त्या बटणाचा 'डिस्प्ले' 'नन' करा.

स्मरणिकेला ७० जीएसएम कागद घेतला तर मागचं दिसेल का?

हा माझा आवडता प्रश्न, त्यामुळं उत्तर लांबणार.

जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममध्ये वजन. वजन वाढलं की साधारणपणे झाकणं वाढतं, म्हणून लोक दोन्ही एकच समजतात. पण वर्तमानपत्राचा कागद हातात घ्या. पंचेचाळीस जीएसएमच्या आसपास असतो, तरी दोन्ही बाजूंनी छापून आरामात वाचता येतो. आता ट्रेसिंग पेपर घ्या. तो त्याहून चांगलाच जड असतो, आणि खालची रेघ न रेघ दाखवतो.

कारण कागदाच्या पोटात आहे. कागद म्हणजे तंतूंचं जाळं आणि त्यात अडकलेली हवा. तंतूचा अपवर्तनांक दीडच्या आसपास, हवेचा एक. उजेड तंतूतनं हवेत, हवेतनं तंतूत असा जाताना प्रत्येक वेशीवर थोडा वळतो, थोडा परततो. अशा हजारो वेशी ओलांडताना तो भरकटतो आणि बराचसा आला त्याच बाजूनं परत बाहेर पडतो. म्हणून कागद पांढरा दिसतो आणि मागचं झाकतो. ट्रेसिंग पेपरसाठी लगदा इतका कुटलेला असतो की तंतू एकमेकांना चिकटून मधली हवा निघून जाते. वेशीच उरत नाहीत, मग उजेड सरळ पार.

याचा पुरावा बघायला लॅबमध्ये जायला नको. पावसात गाड्यावर उभं राहून भजी घ्या. कागदावर तेलाचा डाग पडतो आणि तेवढ्याच जागेतनं खालची बोटं दिसायला लागतात. तेलाचा अपवर्तनांक तंतूंच्या अगदी जवळचा. ते हवेच्या जागी जाऊन बसतं आणि वेशी पुसून टाकतं. कागद तेवढाच, जाडी तेवढीच, झाकणं मात्र गेलं. (भजी वर्तमानपत्रात बांधून घेऊ नये हे खरं, शाई पोटात जाते. पण डाग बघायला एक तुकडा चालतो.)

कारखान्यात उलटं करतात. तंतूंच्या मधे चिनी माती, कॅल्शियम कार्बोनेट असं भरण घालतात, म्हणजे वेशी वाढतात. सगळ्यात जबरदस्त टायटॅनियम डायऑक्साइड. त्याचा अपवर्तनांक अडीचच्याही वर, त्यामुळं चिमूटभर पुरतो. पण महाग, म्हणून बारीक पण झाकणाऱ्या खास कागदालाच तो परवडतो.

मोजायची रीत सोपी आहे. एका कागदाखाली काळं ठेवून त्यावरनं किती उजेड परततो ते घ्यायचं. मग त्याच कागदाच्या जाड गठ्ठ्यावरनं किती परततो ते घ्यायचं. पहिल्याला दुसऱ्यानं भागून शंभरनं गुणलं की ओपॅसिटी. नव्वदच्या वर आलं तर दोन्ही बाजूंना निर्धास्त छापा. मशीन नसेल तर ठळक काळ्या मथळ्यावर कोरा कागद ठेवून बघा, आणि दोन गिरण्यांचे कागद शेजारी शेजारी ठेवून बघा. डोळा फार फसत नाही.

आता माझी चूक. एका संस्थेच्या स्मरणिकेत खर्च बसेना म्हणून मी ७० ऐवजी ५८ चा कागद सुचवला. एका पानावर काळ्या पार्श्वभूमीची पूर्णपान जाहिरात होती, आणि त्याच्या पाठीवर संस्थापकांवरची कविता. छापून आल्यावर कवितेच्या ओळींमधनं पंपसेटच्या जाहिरातीची उलटी अक्षरं चालत गेलेली. मागच्या पानाची शाई अशी नुसती दिसणं वेगळं आणि शाई कागदात मुरून पलीकडं फुटणं वेगळं. पहिल्यात दोष कागदाचा, दुसऱ्यात शाईचाही. माझ्याकडं पहिलं झालं होतं, म्हणजे दोष कागद निवडणाऱ्याचा.

डिजिटल बोर्ड रात्री मागच्या दिव्यामुळं विचित्र दिसतो. का?

साधा फ्लेक्स थोडा उजेड पार सोडतो. मागं स्ट्रीटलाइट असेल तर रात्री फ्रेमच्या पट्ट्यांची सावली नेत्यांच्या चेहऱ्यावर येते. तिथं काळ्या पाठीचा फ्लेक्स मागा. याउलट आत ट्यूब लावायची पाटी असेल तर बॅकलिट फ्लेक्स, म्हणजे उजेड सारखा पसरवून पार सोडणारा. दोन्हीची अदलाबदल झाली की पाटी रात्री एकदम अंधारी. गाडीच्या काचेवर लावतात ते वन-वे व्हिजन म्हणजे निव्वळ छिद्रांची करामत. बाहेर चित्र, आतली बाजू काळी, आणि भोकांतनं आतल्याला रस्ता दिसतो.

काळ्या टी-शर्टवर पिवळा रंग मळकट का येतो?

कारण छपाईच्या बहुतेक शाया पारदर्शक असतात, आणि तसं असावंच लागतं. चार रंगांच्या छपाईत निळ्यावर पिवळा बसून हिरवा होतो तो पिवळ्यातनं निळा दिसतो म्हणूनच. पांढऱ्या कागदावर हे छान चालतं. काळ्या कापडावर मात्र पिवळ्यातनं काळा दिसतो. म्हणून आधी दाट पांढऱ्याचा बेस मारायचा, तो सुकवायचा, मग त्यावर रंग. पेठेतल्या फुटबॉल टीमचे टी-शर्ट महाग पडतात ते या जादा हातामुळं. पारदर्शक स्टिकरवर रंगीत लोगो छापतानाही तेच, खाली पांढरा लागतोच.

चित्रकलेत पारदर्शक आणि अपारदर्शक रंग म्हणतात, ते हेच का?

हेच. पारदर्शक जलरंगात पांढरा रंग वापरत नाहीत, कागदाचा पांढरा राखून ठेवतात. उजेड पातळ रंगातनं खाली जातो, कागदावर आपटतो आणि रंग घेऊन परत येतो. चूक झाली तर झाकता येत नाही. पोस्टर कलरमध्ये झाकता येतं, म्हणून शाळेत तोच देतात.

कलापूर म्हणवणाऱ्या गावात हा वाद नवा नाही. शाहू महाराजांच्या आश्रयानं काम केलेले आबालाल रहिमान (निधन १९३१) यांची रंकाळ्याची, कोटितीर्थाची निसर्गचित्रं बघायला मिळाली तर पाण्याच्या जागी रंग किती पातळ ठेवलाय ते जवळ जाऊन बघा. दुसऱ्या टोकाला नाटकाचे पडदे. आनंदराव आणि बाबूराव पेंटर तरुणपणी नाटक कंपन्यांचे पडदे रंगवत. तिथं मागचा माणूस दिसला तर राजवाड्याचा भ्रमच मोडायचा.

घर रंगवताना हाच गुण कव्हरेज म्हणून विकला जातो. रंगाच्या कंपन्या अर्धं काळं अर्धं पांढरं कार्ड घेऊन त्यावर रंगाचा सारखा थर ओढतात. काळ्यावरचा उजेड पांढऱ्यावरच्या अठ्ठ्याण्णव टक्के झाला की पूर्ण झाकला असं धरतात. चुन्याची सफेदी मात्र अजब. मारताना भिंत ओली, जुना डाग तसाच दिसतो, आणि नवखा माणूस घाबरून दुसरा हात मारतो. दुपारी सुकल्यावर पांढरी शुभ्र. पाणी उडून कणांमधे हवा शिरली की झाकणं वाढतं. भज्याच्या कागदाचंच, पण उलट्या दिशेनं.

एक्स-रेच्या रिपोर्टमध्ये 'ओपॅसिटी' लिहिलंय. वाईट आहे का?

हे डॉक्टरांनाच विचारा, मी फक्त शब्दाचं सांगतो. इथं अडवला गेलाय तो क्ष-किरण, उजेड नव्हे. हाड क्ष-किरण अडवतं, म्हणून फिल्मवर पांढरं येतं. फुप्फुसात हवा असते, ते काळं दिसतं. तिथं पांढुरकं काही आलं की ओपॅसिटी लिहितात. ते जंतुसंसर्गामुळं असेल, जुन्या व्रणामुळं असेल, पाणी साठल्यामुळंही असेल. शब्द फक्त काय दिसलं ते सांगतो, काय झालं ते नाही.

कोविडमध्ये घराघरात पोचलेलं 'ग्राउंड ग्लास ओपॅसिटी' म्हणजे घासलेल्या काचेसारखा धुरकटपणा, ज्यातनं मागच्या रक्तवाहिन्या अजून ओळखू येतात. त्या दिसेनाशा झाल्या की नाव बदलतं. म्हणजे तिथंही मोजमाप 'मागचं किती दिसतं' याचंच.

डोळ्याचं सोपं आहे. आतलं भिंग गढूळ झालं तर मोतीबिंदू. समोरचा पारदर्शक पडदा पांढरा झाला तर आपल्याकडं "डोळ्यात फूल पडलं" म्हणतात, आणि रिपोर्टवर येतं कॉर्नियल ओपॅसिटी. त्यात नेत्रदानातनं मिळालेलं बुबुळ बसवून अनेकांची नजर परत येते.

डिझेल गाडीच्या पीयूसीवर हा शब्द कशाला?

धूर किती काळा, ते मोजायला. नळकांड्यातनं धूर एका बंद नळीत घेतात, एका टोकाला दिवा, दुसऱ्या टोकाला उजेड मोजणारं यंत्र. ४३० मिलिमीटर लांबीच्या धुरानं जितके टक्के उजेड अडवला, तितके हार्ट्रिज स्मोक युनिट, म्हणजे एचएसयू. जुन्या गाड्यांना ६५ पर्यंत चालतं, बीएस-४ (भारत स्टेज-४ या प्रदूषण नियमांतल्या) गाड्यांना ५०. शेजारी २.४५ किंवा १.६२ असा आकडा दिसला तर घाबरू नका, तीच मर्यादा दुसऱ्या एककात लिहिलेली असते. पेट्रोल गाडीचा धूर दिसत नाही, म्हणून तिथं वायू मोजतात.

यंत्र नव्हतं तेव्हा रिंगेलमन नावाच्या फ्रेंच प्राध्यापकानं १८८८ साली काळ्या रेघांच्या जाळ्यांचं एक कार्ड काढलं होतं. लांब उभं राहायचं आणि चिमणीचा धूर कार्डावरच्या कुठल्या करड्याशी जुळतो ते बघायचं. छपाईवाल्याला ते कार्ड बघून घरचं वाटतं. आमच्या टिंटच्या पट्ट्या अशाच असतात.

पाण्याच्या गढूळपणालाही ओपॅसिटी म्हणतात का?

तिथं शब्द 'टर्बिडिटी'. एकक एनटीयू. पिण्याच्या पाण्यात १ एनटीयूपर्यंत असावं, दुसरी सोयच नसेल तर ५ पर्यंत चालवून घ्यावं, असं भारतीय मानक सांगतं. पावसाळ्यात पंचगंगा लाल होते तेव्हा तांब्याचा तळ दिसत नाही, तेच हे.

किरणोत्सवात कधी कधी किरणं पोचत नाहीत, त्याचा याच्याशी संबंध आहे का?

आहे. ३१ जानेवारी, १ आणि २ फेब्रुवारी, तसंच ९, १० आणि ११ नोव्हेंबर, या दिवसांत मावळतीची किरणं महाद्वारातनं आत येऊन अंबाबाईच्या चरणांपासून मुखापर्यंत चढत जातात. मावळता सूर्य खाली असतो, त्यामुळं उजेडाला दुपारपेक्षा कितीतरी पट जास्त हवा ओलांडावी लागते. त्या हवेत बाष्प, धूळ, धूर असला की तो वाटेतच विरतो. ढग आला तर प्रश्नच मिटला. वाटेतल्या इमारतींचा अडथळा वेगळा, तो शंभर टक्के ओपॅसिटीचा.

आत्ता विषय निघालाय म्हणून: सूर्याच्या पोटातही पदार्थ इतका दाट आहे की गाभ्यातली ऊर्जा उजेड होऊन पृष्ठभागावर यायला हजारो वर्षं लागतात. तिथनं कोल्हापूरला यायला मात्र सव्वाआठ मिनिटं.

'कारभार अपारदर्शक आहे' म्हणतात, आणि तत्त्वज्ञानातही हा शब्द येतो म्हणे?

कारभाराचं सगळ्यांना ठाऊक आहे. महाराष्ट्रात माहितीच्या अधिकाराचा कायदा २००२ साली आला, देशात २००५ साली. अर्जाच्या झेरॉक्स आमच्याकडंच निघतात.

तत्त्वज्ञानातलं मजेशीर आहे. क्वाइन या अमेरिकन तत्त्वज्ञानं काही वाक्यांना अपारदर्शक म्हटलं. उदाहरण आपलं घेऊ. 'बंडूला माहीत आहे की राधानगरीचं धरण शाहू महाराजांनी बांधायला घेतलं.' खरं वाक्य. शाहू महाराज म्हणजेच कागलच्या घाटग्यांचे यशवंतराव, १८८४ साली दत्तक आलेले. मग नाव बदलून लिहा, 'बंडूला माहीत आहे की धरण यशवंतराव घाटग्यांनी बांधायला घेतलं.' माणूस तोच, धरण तेच, पण वाक्य खोटं ठरू शकतं, कारण बंडूला मूळ नाव माहीतच नाही. 'माहीत आहे' या शब्दांमागचं खरं जग आपल्याला थेट दिसत नाही, बंडूच्या डोक्यातनं बघावं लागतं.

भाषावाले अजून एक अर्थ घेतात. सुटे शब्द कळूनही एकत्र अर्थ लागत नाही तो वाक्प्रचार अपारदर्शक. पुण्याच्या पाहुण्याला 'नाद' कळतो, 'खुळा' कळतो. 'नाद खुळा' ऐकून तो आपल्याला शिवी दिली का कौतुक केलं ते विचारतो.

आधारच्या झेरॉक्सवरचा नंबर मोबाइलमध्ये काळ्या रेघेनं खोडून पाठवला. चालेल ना?

कुठल्या पेननं खोडलात ते बघा. मोबाइलमधलं हायलायटर पूर्ण झाकत नाही, त्याची ओपॅसिटी शंभर नसते. दोन-तीनदा फिरवलं की डोळ्याला काळं वाटतं, पण ब्राइटनेस वाढवला की खालचे आकडे वर येतात. वर हिशोब सांगितलाच, थर कितीही दिले तरी शंभर होत नाही. पीडीएफवर काळा चौकोन ठेवलात तर तो झाकतो पूर्ण, पण खालची अक्षरं फाइलमध्ये तशीच राहतात, कुणीही सिलेक्ट करून कॉपी करू शकतं. त्यापेक्षा कागदावरच नंबरवर पट्टी चिकटवा आणि मग फोटो काढा. किंवा आधारच्या साइटवरनं शेवटचे चारच आकडे दाखवणारी प्रत डाउनलोड करा. दुकानात आलात तर पट्टी आम्ही देतो, तिचे पैसे घेत नाही.